पिनकोडवर इंडेक्स असूनही पणजीचे ग्राहक शोधायला इतका वेळ का लागतो?

तुमचा पिनकोड कॉलम व्हारचार, म्हणजे मजकूर साठवणारा आहे आणि क्वेरीत ४०३००१ अवतरणचिन्हांशिवाय, म्हणजे आकडा म्हणून दिलाय, त्यामुळे तुमचा डेटाबेस, मायएसक्यूएल, तो इंडेक्स (ओळी पटकन शोधून देणारी क्रमवार सूची) वापरूच शकत नाही. अशा तुलनेत ते दोन्ही बाजू फ्लोटमध्ये (दशांश आकड्यात) बदलतं, हे त्याच्या मॅन्युअलमध्येच लिहिलंय. आता बघा: '४०३००१', सुरुवातीला स्पेस असलेलं ' ४०३००१', आणि '४०३००१ पणजी' हे तिन्ही आकड्यात बदलले की एकच होतात, पण इंडेक्समध्ये त्यांच्या जागा वेगवेगळ्या. मग अख्खं टेबल ओळीओळीनं वाचण्यावाचून इलाज उरत नाही. वेळेपेक्षा मला जास्त काळजी याची वाटते की नको असलेल्या ओळीही गुपचूप जुळतात.

पिनकोडला अवतरणचिन्हं लावा. पीएचपी किंवा पायथनमधून पाठवत असाल तर पॅरामीटर (क्वेरीत भरायची किंमत) स्ट्रिंग, म्हणजे मजकूर म्हणूनच बांधा, चूक बहुधा तिथेच असते. मग एक्सप्लेन (क्वेरी कशी चालेल ते दाखवणारी आज्ञा) चालवा: टाइपखाली 'ऑल' (अख्खं टेबल वाचणं) जाऊन 'रेफ' (इंडेक्समधून शोधणं) आलं पाहिजे.

मात्र उलट बाजूनं, कॉलम इंट (पूर्णांक) आणि किंमत '४०३००१' अशी स्ट्रिंग असेल, तर इंडेक्स चालतो, कारण तिथे फक्त ती एक किंमत बदलावी लागते. पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस मात्र व्हारचार कॉलमची इंटशी तुलना करूच देत नाही, सरळ एरर देतो.