पहिला गेमिंग लॅपटॉप घेताय? आधी एवढं बघा

फक्त शनिवार-रविवारीच खेळणार असाल, तर सर्वात महागडा लॅपटॉप नकोच. पण ग्राफिक्स कार्ड (गेमची चित्रं पडद्यावर उमटवणारा भाग) प्रोसेसरपासून वेगळं हवं, आणि नुसतं 'आरटीएक्स ३०५०' असं कार्डाचं नाव वाचून भुलू नका. ते ४ जीबी मेमरीचंही येतं आणि ६ जीबीचंही. शिवाय त्याला किती वॅट वीज मिळते ते लॅपटॉपगणिक बदलतं. कमी वॅटचं कार्ड नाव तेच ठेवून हळू चालतं. दुकानदार हे आपणहून सांगत नाही, विचारा.

बाकी थोडक्यात:
- रॅम १६ जीबी. आत्ता ८ घेतलीत तर पुढे वाढवायला दुसरा स्लॉट (रॅम बसवायची खाच) रिकामा आहे ना, बघा.
- एसएसडी (गेम आणि फाइल्स साठवायची जागा) ५१२ जीबी. त्याहून कमी नको.

नवशिके प्रोसेसरच्या नावावर पैसे उधळतात आणि ग्राफिक्समध्ये काटकसर करतात. मीही तेच केलं होतं.

आणि वजन! सव्वादोन किलोचा लॅपटॉप, वर विटेएवढा चार्जर. ठाणे-वाशी लोकलमध्ये सकाळी पाठीवर घेऊन उभं राहून बघा एकदा. चार्जर घरी ठेवायचा म्हणाल, तर बॅटरीवर गेम रडतखडतच चालतात. रोज ऑफिसला नेणार असाल तर दुकानात तसं आधी सांगा, मग निवड वेगळी.