फिलिपिनो लोकांचा ऑनलाइन विनोद भाषांतर करून का कळत नाही?

"फिलिपिनो मीम्सवर लाखो लाइक्स असतात, पण भाषांतर करून वाचलं तरी हसू येत नाही. त्यात विनोद नक्की असतो कुठे?" असं तुम्ही विचारलंय.

मी रत्नागिरीचा, मर्चंट नेव्हीत इंजिनिअर. अकरा वर्षांत बहुतेक जहाजांवर अर्धाअधिक क्रू फिलिपिनो होता. मेसरूममध्ये मोबाइल पुढे करून "सर, लुक!" म्हणणाऱ्या ऑइलर, फिटर आणि कुक मंडळींनी जे शिकवलं, त्यावर हे उत्तर. पहिले सहा महिने मीही नुसती मान डोलवायचो.

तुम्हाला हसू येत नाही कारण गंमत अर्थात कमी आणि उच्चारात जास्त असते. लहानपणी आपण च ची भाषा बोलायचो, आठवतंय? 'मला' म्हणायचं तर 'चलाम'. तागालोग, म्हणजे फिलिपिन्सची मुख्य भाषा, बोलणाऱ्या मोठ्या माणसांनाही शब्द असे उलटे करायची खोड आहे. 'मालुपित' म्हणजे जबरदस्त, त्याचं झालं 'पेतमालू'. 'आयडॉल'चं 'लोदी', 'पॉवर'चं 'वेर्पा'. २०१७ मध्ये या तीन शब्दांनी तिथलं फेसबुक भरून गेलं होतं. तरुण पोरांना वाटायचं हे आपलंच संशोधन. पण आमच्या बोसनच्या, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या वयस्क मुकादमाच्या पिढीतही आईला 'एर्मात' आणि बापाला 'एर्पात' म्हणतातच, म्हणजे 'मातेर' आणि 'पातेर' उलटे. इतकंच काय, १९९८ मध्ये राष्ट्राध्यक्ष झालेले जोसेफ एस्त्राडा सगळ्या देशाला 'एराप' म्हणून माहीत. 'पारे' म्हणजे यार, दोस्त. तो उलटा वाचा.

या एरापवरून सगळी गोष्ट कळते. गडी मूळचा सिनेनट, आणि इंग्रजी कच्चं म्हणून त्यांच्यावर विनोदांचा पाऊस. ते विनोद आधी तोंडातोंडी फिरले, मग पुस्तकात छापले गेले आणि मोबाइल आल्यावर एसएमएसवर चढले. जानेवारी २००१ मध्ये त्यांच्यावरच्या महाभियोगात पुराव्याचं एक पाकीट न उघडण्याचा निर्णय सिनेटमध्ये झाला. त्याच रात्री मनिलातल्या एडसा रस्त्यावर जमा, काळे कपडे घाला, असे एसएमएस एका फोनवरून दुसऱ्या फोनवर गेले. चार दिवसांत एराप राजवाड्याबाहेर. ज्या बोटांनी विनोद फॉरवर्ड केले होते, त्याच बोटांनी हा निरोपही फॉरवर्ड केला. फेसबुक तेव्हा जन्मालाही आलं नव्हतं. म्हणून फिलिपिनो इंटरनेट विनोद असं कोणी म्हणालं की मला आधी १६० अक्षरांचा एसएमएस आठवतो.

त्याच एसएमएसमधून 'जेजेमॉन' आले. हसणं 'हेहे'ऐवजी 'जेजे' असं लिहायचं, मधेच कॅपिटल अक्षरं, शेवटी उगाच एच आणि झेड, साध्या 'हॅलो'चीही ओळख पटू नये असं स्पेलिंग. अशी पोरं म्हणजे जेजेमॉन, 'पोकेमॉन'च्या चालीवर. २०१० मध्ये हे प्रकरण इतकं वाढलं की शिक्षण खात्याने नापसंती दाखवली आणि तिथल्या भाषा-परिषदेने तो वर्षाचा शब्द ठरवला. मला मात्र या विनोदाची चीड येते. जेजेमॉन बहुधा स्वस्त फोनवाली, गरीब वस्तीतली पोरं. त्यांना हसणारे चांगल्या शाळेतले. आमचा एक फिटर म्हणाला होता, "सर, तेव्हा मीही तसंच लिहायचो, आता सीव्हीत सांगत नाही." आपल्याकडे शुद्ध-अशुद्धाच्या नावाखाली जे चालतं तेच हे.

गरिबीवरचा दुसरा विनोद मात्र ते स्वतःवरच करतात. साधारण २०१३ पासून तिथल्या मोबाइल कंपन्यांनी फेसबुक फुकट दिलं, पण फुकटच्या फेसबुकवर फोटो दिसत नाहीत, फक्त अक्षरं. मग फोटोखाली हमखास कॉमेंट येते, "फ्री डेटावर आहे, कोणीतरी सांगा काय आहे यात." खाली दुसरा त्या फोटोचं मुद्दाम भलतंच वर्णन करतो. भारतात ट्राय या दूरसंचार नियामकाने २०१६ मध्ये असला प्रकार रोखला, त्यामुळे या विनोदाचा अनुभवच आपल्याकडे नाही. भर समुद्रात जहाजाचं इंटरनेट रडत असतं तेव्हा आम्हाला तो बरोबर कळतो.

'मारितेस' या शब्दाची गंमतही उच्चारातच. मूळ बाईचं नाव, पण फोड केली तर "मारे, अनोंग लेटेस्ट?" म्हणजे "काय गं, काय नवीन?" कोविडच्या काळात घरात कोंडलेल्या अख्ख्या देशाने गॉसिप करणाऱ्याला हे नाव देऊन टाकलं.

आता ज्याशिवाय हे उत्तर अपुरं राहील ते 'अल्दब', म्हणजे टीव्हीवरच्या एका जोडीला लोकांनी दिलेलं नाव. 'ईट बुलागा' हा टीव्हीवरचा दुपारचा धमाल कार्यक्रम १९७९ पासून चालू. जुलै २०१५ मध्ये त्यात एक मोलकरीण आली. तिचं काम करणारी मेन मेंडोझा काही दिवसांपूर्वीपर्यंत घरी बसून डबस्मॅश या ॲपवर दुसऱ्यांच्या आवाजावर नुसते ओठ हलवून प्रसिद्ध झालेली मुलगी. तिची कडक मालकीण म्हणजे साडीऐवजी झगा घातलेला पुरुष कॉमेडियन. एके दिवशी स्क्रीनच्या दुसऱ्या अर्ध्यात नट आल्डेन रिचर्ड्स दिसला आणि तोंड वाकडं करून बसलेली मोलकरीण खरोखर लाजली. बस्स. तिथून पुढे कित्येक आठवडे दोघं एकमेकांना फक्त अर्ध्या-अर्ध्या पडद्यावर भेटले. बोलणं नाही, दुसऱ्यांच्या गाण्यांवर ओठ हलवायचे नाहीतर कागदावर लिहून दाखवायचं. मालकीण सांगायची, "योग्य वेळ आल्यावर." म्हटलं तर रडक्या मालिकांची ही टिंगल होती, रस्त्यावर चालणारी मालिका म्हणून नावही 'कालयेसेर्ये'. पण लोक टिंगल म्हणून बघायला बसले आणि खरोखर जीव लावून बसले. २४ ऑक्टोबर २०१५ ला 'योग्य वेळ' फिलिपिन्स अरेना या भल्यामोठ्या सभागृहात आली, आणि त्या कार्यक्रमाच्या हॅशटॅगवर एका दिवसात ४ कोटी १० लाख ट्वीट पडले. आमचा कुक त्या काळात बंदरात पोचल्याबरोबर आधी बायकोला नाही, यूट्यूबला गाठायचा.

याच 'ईट बुलागा'च्या संस्थापकांपैकी तितो सोत्तो पुढे सिनेटर झाले. २०१२ मध्ये त्यांच्या भाषणातला मजकूर एका परदेशी ब्लॉगमधून उचलल्याचा आरोप झाला, तेव्हा लोकांनी त्यांच्या आडनावाचं क्रियापद केलं. तागालोगमध्ये शब्दाच्या पोटात 'इन' घातला की भूतकाळ होतो, म्हणून 'सोत्तो'चं 'सिनोत्तो', म्हणजे ढापलं. त्याच वर्षी सायबर कायद्यात ऑनलाइन बदनामीचं कलम आलं, त्यामागेही सोत्तोंचाच हात होता. स्वतः विनोदी नट असलेला माणूस! २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम ठेवलं, पण नुसतं लाइक किंवा शेअर करणाऱ्याला गुन्हेगार धरता येणार नाही असं सांगितलं.

अशा वातावरणात उपयोगी पडतो तो 'चारोट'. तिथल्या गे लोकांच्या बोलीतून आलेला शब्द, अर्थ साधारण "गंमत केली हो". बॉसवर, पुढाऱ्यावर, सासूवर मनातलं बोलायचं आणि शेवटी 'चारोट' चिकटवायचं. बोललेलं परत घेतलं की नाही, ते ऐकणाऱ्याने ठरवावं.

मागच्या कॉन्ट्रॅक्टच्या शेवटच्या दिवशी मी बॅग घेऊन गँगवेकडे निघालो. तोच कुक सगळ्यांसमोर म्हणाला, "सर, आजवरचे सगळ्यात पेतमालू सेकंड इंजिनिअर तुम्हीच." मी हात मिळवला, चार पायऱ्या उतरलो, आणि वरून आवाज आला, "चारोट!"