“तेव्हाच का नाही बोललीस?” हे भाचीला विचारू नका

मेलबर्नच्या ताई, सांगलीत विश्रामबागेत राहणाऱ्या तुमच्या बावीस वर्षांच्या भाचीने दोन वर्षांपूर्वीची गोष्ट परवा व्हॉट्सॲप कॉलवर तुम्हाला सांगितली. वडिलांच्या चुलतभावाने तिच्यावर जबरदस्ती केली होती. तुम्ही विचारता, खरं असतं तर ती तेव्हाच बोलली नसती का?

ताई, बहुतेक जणी तेव्हा बोलतच नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या ७७ टक्के बायकांनी ना कुणाची मदत मागितली होती, ना कुणाला सांगितलं होतं. बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत ९० टक्क्यांहून जास्त वेळा आरोपी ओळखीतलाच असतो. परक्या माणसाविरुद्ध चौकीत जाणं वेगळं. सणावाराला आजीच्या पंगतीत शेजारी बसणाऱ्या काकाविरुद्ध जाणं वेगळं.

तिच्या घरचंच बघा. बाबांच्या दुकानाच्या कर्जाला तोच काका जामीन आहे, हे तुम्हीच लिहिलंय. आपण तोंड उघडलं तर बाबांचं काय होईल, आजी कुणाची बाजू घेईल, कॉलेज सोडवून घरी बसवतील का, पुढे स्थळं येतील का, हे सगळं त्या पोरीने एकटीने मनात घोळवलं असणार. चौकीत कुणीतरी ओळखीचं भेटेल आणि संध्याकाळपर्यंत गल्लीत बोभाटा होईल, ही भीतीही सांगलीसारख्या गावात खोटी नाही.

ती ओरडली नाही, हेही तुम्हाला खटकतंय. भीतीने अंग गोठतं, घशातून आवाज फुटत नाही. प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती होती असं आज कायदाही मानत नाही. मथुरा नावाच्या मुलीवर पोलीस चौकीत बलात्कार झाल्याच्या प्रकरणात १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना निर्दोष सोडलं, तेव्हा मुलीच्या अंगावर जखमा नव्हत्या हाही एक मुद्दा होता. बायका रस्त्यावर उतरल्या, तेव्हा कुठे १९८३ मध्ये कायदा बदलला. घराघरांतली उलटतपासणी मात्र अजून तशीच चालू आहे, आणि मला त्याचा फार राग येतो.

आता लगेच बहिणीला फोन लावू नका. भाचीने विश्वासाने तुम्हाला सांगितलंय, पुढे कुणाला सांगायचं ते तिला ठरवू द्या. तिला एवढंच म्हणा, “माझा तुझ्यावर विश्वास आहे. तुझी काही चूक नव्हती.” तक्रार करायची की नाही, हेही तीच ठरवेल. (तेव्हा ती अठराच्या आतली असती, तर पोक्सोखाली, म्हणजे मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्याखाली, पोलिसांना कळवणं बंधनकारक ठरलं असतं.)

तिला माहिती मात्र द्या. बलात्काराच्या तक्रारीला मुदत नसते. सांगलीत नको वाटलं तर पुण्यातल्या ठाण्यातही झिरो एफआयआर, म्हणजे हद्दीबाहेरच्या ठाण्यात तक्रारीची नोंद, करता येतो. महिला अधिकारी तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे जबाब घेते. तिचं नाव जाहीर करणं हा गुन्हा आहे. नुसतं बोलायचं असेल तर १८१ ही महिला हेल्पलाइन आहे. वकील आणि समुपदेशकाचा खर्च तुम्ही उचला, कारण त्यासाठी तिला बाबांकडे पैसे मागता येणार नाहीत.

डिसेंबरातल्या लग्नात तो काका असणारच. तिला जायचं नसेल तर परीक्षेचं निमित्त सांगून तेवढे दिवस तिला तुमच्या पुण्याच्या फ्लॅटवर न्या, आणि जमलं तर तुम्हीही तिच्याजवळच थांबा.