‘नकारात्मक प्रबलन’ म्हणजे शिक्षा का?

प्रश्न असा आला आहे: मानसशास्त्राच्या मराठी पुस्तकांत ‘प्रबलन’ असा शब्द येतो. तो ‘बक्षीस’ याचंच भारदस्त रूप आहे का? आणि तसं असेल, तर ‘नकारात्मक प्रबलन’ म्हणजे शिक्षा म्हणायची का?

दोन्हींचं उत्तर ‘नाही’.

बक्षीस हे देणाऱ्याच्या मनात असतं. पहिला नंबर आला, पेन दिलं. पुढे मुलाने पुस्तक उघडलं नाही तरी ते बक्षीसच. प्रबलनाची परीक्षा वेगळी आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर (१९०४–१९९०) यांच्या प्रयोगाच्या पेटीतला उंदीर तरफ दाबतो, खाण्याची गोळी पडते. त्यानंतर तरफ दाबणं वाढलं, तरच त्या गोळीला ‘प्रबलक’ म्हणायचं. पोट भरलेल्या उंदरापुढे तीच गोळी पडली तर ती नुसती गोळी. वर्गासमोर उभं करून केलेल्या कौतुकाने एखादं बुजरं मूल हात वर करायचंच थांबलं, तर देणाऱ्याच्या लेखी ते बक्षीस असेल, प्रबलन नव्हे. (‘आमिष’ही इथे चालत नाही. आमिष आधी दाखवतात, प्रबलक कृतीनंतर येतो.)

खरा घोळ ‘नकारात्मक’ने केला आहे. ‘नकारात्मक विचार’, ‘नकारात्मक माणूस’ म्हणून म्हणून या शब्दाला मराठीत ‘वाईट’चा वास लागला आहे. इथे अर्थ फक्त वजाबाकीचा आहे. पेटीच्या तळातून विजेचा सौम्य धक्का बसतोय, उंदराने तरफ दाबली की तो थांबतो. नकोशी गोष्ट वजा झाली, तरफ दाबणं वाढलं: हे नकारात्मक, म्हणजेच ऋण प्रबलन. तरफ दाबल्यावर धक्का बसला आणि दाबणं कमी झालं, तर ती शिक्षा. प्रबलन कोणतंही असो, त्याने वागणं वाढतं; शिक्षेने ते घटतं. म्हणून मी ‘धन प्रबलन’ आणि ‘ऋण प्रबलन’ हेच शब्द वापरते. विद्युतभाराला धन-ऋण म्हणताना ऋणभार दुष्ट आहे असं कुणाला वाटत नाही.

दुकानात पोर भोकाड पसरतं, आई चॉकलेट देते, पोर गप्प होतं. पुढच्या वेळी पोर लवकर रडेल आणि आईही लवकर चॉकलेट काढेल. पोराला काहीतरी मिळालं, म्हणजे धन प्रबलन. आईच्या कानामागची कटकट गेली, म्हणजे ऋण. शिक्षा कुणालाच झालेली नाही.

हा गोंधळ करणाऱ्यांनी फार ओशाळू नये. १९३८ च्या आपल्या पहिल्या ग्रंथात खुद्द स्किनर यांनी ‘ऋण प्रबलन’ ही संज्ञा आज आपण ज्याला शिक्षा म्हणतो त्या अंगाने वापरली होती. १९५३ च्या पुस्तकात त्यांनी दोन्ही वेगळ्या केल्या. शिक्षेवर त्यांचा भरवसा नव्हताच. तिने वागणं तात्पुरतं दबतं, असं ते मांडत.

आता, धन प्रबलनाला बोलीतला शब्द हवाच असेल तर ‘सोकावणे’ पाहा. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. एकदा मिळालं म्हणून पुन्हा यायला लागणं, हाच त्याचा अर्थ. दुधाला सोकावलेलं मांजर स्किनर यांच्या उंदराहून वेगळं काही करत नाही. अडचण एवढीच की या क्रियापदात दोष दडलेला आहे. मांजर सोकावतं, लाच घेणारा सोकावतो; शाबासकी मिळाल्यामुळे रोज गणितं सोडवणारी मुलगी मात्र ‘सोकावली’ असं आपण म्हणणार नाही. प्रयोगशाळेतल्या शब्दाला अशी बाजू घेऊन चालत नाही, म्हणून पुस्तकात ‘प्रबलन’च बरं.