गोधडीबद्दल, सईला

सई बाळा,

परवा तुझ्या शाळेत रजई करायची ठरली म्हणून मी कपाटातली गोधडी काढली. तू ती उलटीपालटी करून बघितलीस आणि विचारलंस, "हे जुने कपडे आहेत ना? तुम्ही गरीब होता का?" मी "छे गं" म्हणाले आणि पोळ्या लाटायला वळले. ते खोटं होतं. निदान अर्धं तरी.

पैसे बेताचेच होते. पण गोधड्या समोरच्या वाड्यातही होत्या, आणि तिथे पैशाला तोटा नव्हता. माझ्या आजीचा हिशेब असा: लुगडं आधी लग्नाकार्याला, मग घरात, मग गोधडीला. गोधडी विरली की ती नव्या गोधडीच्या पोटात. नवं कापड ती घेऊच द्यायची नाही. खळीचं कापड अंगाला टोचतं, सुई सरकत नाही, म्हणायची. काकूनं एकदा हौसेनं नायलॉनची साडी आत घातली, तर थर असे घसरले की सगळं उसवावं लागलं.

नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटर. चौपदरी घातलं की बरोबर माणसाच्या उंचीचं होतं. दोन लुगडी, आठ थर. तुझ्या बाई सांगतात तसा मधे कापूस वगैरे काही नाही. थरांत अडकलेली हवाच काय ती ऊब देते.

मे महिन्यात शेताची कामं कमी झाली की सोप्यात ती अंथरायची. कोपऱ्यांवर वरवंटा, तांब्या, दोन धोंडे. आधी लांब लांब टाक्यांनी टाचून घ्यायचं, नाहीतर मधे फुगा येतो. वर ठिगळं मांडायची. आप्पांच्या सदऱ्याचं, माझ्या परकराचं. मग कडेनं धावदोरा धरायचा आणि चारी बाजूंनी फिरत आत यायचं, बोटभर अंतर सोडून. ती चौकोनात चौकोनाची नक्षी तू बोटानं गिरवत होतीस ना, ती मुद्दाम काढलेली नाही, शिवणच तशी फिरते. आजीला नेढं दिसायचं नाही, म्हणून दोरा ओवायचं काम माझं. सुई अडली की ती केसांतून फिरवायची. दाभण मात्र नाही, भोकं पडतात. शेवटचा चौकोन मिटण्याआधी आजी भाकरीचा तुकडा आत सरकवायची. "तिचं पोट उपाशी नको." मी का म्हणून कधी विचारलं नाही. तू विचारलं असतंस.

आता तुझा दुसरा प्रश्न, मशीन असताना हातानं का? खरं सांगू? काकूकडे मशीन आली तेव्हा तिनं पहिली गोधडीच शिवायला घेतली. आठ थर मशीनच्या कापड दाबणाऱ्या पायाखाली नीट सरकेनात, वरचं कापड मागे राहिलं, सुई मोडली. आजी खूश झाली. पण पुढच्या वर्षी आजीचीच बोटं आखडली आणि तिनं मुकाट्यानं कडा मशीनवर मारून घेतल्या. तेव्हा हातशिलाईची फार पोथी मी तुला सांगणार नाही.

आणि मी तरी कोण सांगणारी? पुण्याला हॉस्टेलवर हीच गोधडी नेली होती. खोलीतल्या मुलींकडे दुकानातल्या रजया. मी वर्षभर हिच्यावर चादर घालून झोपले, कुणाला दिसू नये म्हणून. परवा तू विचारलंस तेव्हा मला ती चादर आठवली. इथे कॅलगरीतही आपण सगळे ड्युवे, म्हणजे जाड दुलयाच घेतो, ही कपाटात असते. आता म्हणे पुण्यात गोधड्या महाग विकतात. आजी हसली असती, किंवा भाव विचारला असता.

तुला शाळेच्या पद्धतीनं, गोल चाकाच्या कटरनं सारखे चौकोन कापून करायची असेल तर कर, मला खरंच चालेल. (थोडं वाईट वाटेल. पण चालेल.) मशीनवर केलीस तर चार थरांच्या वर जाऊ नकोस आणि टाका लांब ठेव.

बॅगेत माझ्या आईच्या, म्हणजे तुझ्या आजीच्या, तीन साड्या आहेत. हिरवी आणि पिवळी घे. निळी इरकल अजून कापू नकोस, तिचा काठ मला आधी उसवून ठेवायचाय.

आई