वाघ शिळाछापाचा, पण छत्र्यांचा नव्हे

प्रश्न : चोरबाजारात मटण स्ट्रीटवर सर्कशीचं जुनं पोस्टर घेतलं. आगीच्या कड्यातून झेपावणारा वाघ, खाली वीतभर कोरी पट्टी. दुकानदार म्हणाला, जर्मनीत छापलेलं आहे, छत्रे सर्कशीचं. खरं मानू? लॅमिनेट करून घेऊ का?
– एक वाचक, दादर

उत्तर : लॅमिनेशन अजिबात नको. गरम प्लास्टिक एकदा बसलं की कागद सुटत नाही.

आता वाघ. भिंगाखाली त्याचा केशरी रंग बघा. रांगोळीच्या ठिपक्यांसारखे निळे, लाल, पिवळे ठिपके शिस्तीत बसलेले दिसले, तर ती अलीकडची ऑफसेटची, म्हणजे आधुनिक यंत्रछपाईची, नक्कल. शिळाछाप म्हणजे दगडावरून होणारी जुनी छपाई, लिथोग्राफी. त्यात प्रत्येक रंगाला वेगळा चुनखडीचा दगड. चित्रकार त्यावर तेलकट खडूने, शाईने हाताने काम करायचा. म्हणून ठिपके लहानमोठे, वेडेवाकडे. जितके रंग, तितक्या वेळा कागद यंत्राखालून जायचा. मिशांपाशी एखादा रंग केसभर सरकलेला सापडला तर खूश व्हा. मी छापखान्यात वाढलो. असं रजिस्टर, म्हणजे रंगांची जुळणी, हललं की आम्ही फोरमनच्या शिव्या खायचो.

कोरी पट्टी ही खोट नव्हे. छापखाने वाघ-घोडे-विदूषक अशी तयार चित्रं छापून ठेवत. घेणारी सर्कस त्या पट्टीत आपलं नाव, गाव, तारीख घाली. जर्मनीत हॅम्बुर्गला १८७२ साली सुरू झालेला आडोल्फ फ्रीडलेंडरचा छापखाना यात नावाजलेला. त्याचं नाव आणि क्रमांक खालच्या कडेला बारीक अक्षरांत असतात, ते शोधा. विष्णुपंत छत्र्यांनी १८८० मध्ये मुंबईत ग्रेट इंडियन सर्कस उभी केली हे खरं, पण पट्टीच कोरी असताना छत्र्यांचं नाव जोडणं ही भाव वाढवायची थाप. तेवढे पैसे कमी करून मागायला हवे होतेत! पोस्टर खरं निघालं, तर पट्टी कोरी म्हणजे बहुधा ते भिंतीवर लागलंच नाही. लागलेली खळीसकट पावसात जायची, नाहीतर पुढच्या खेळाच्या पोस्टरखाली गाडली जायची.

फ्रेम करताना आम्लविरहित माउंट, म्हणजे चित्राभोवतीचा पुठ्ठा, मागा. काच कागदाला टेकता कामा नये, आपल्या पावसाळ्यात तिथेच बुरशी धरते. फाटलं असेल तर सेलोटेप लावू नका. काळा घोड्याजवळच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलासंवर्धन केंद्र आहे, तिथे विचारा. आणि फ्रेमवाला "प्लायवर चिकटवून देतो, एकदम सपाट बसेल" म्हणाला, तर पोस्टर गुंडाळा आणि दुसरा फ्रेमवाला गाठा.