डंजन्स अँड ड्रॅगन्सचं २०२४ चं नवीन डीएम गाइड घेण्यासारखं आहे का?

तुम्ही लिहिलंय की साताऱ्यात तुम्ही आणि चार मित्र, टेबलाभोवती बसून एकेक पात्र (कॅरेक्टर) घेऊन गोष्ट रंगवायचा हा खेळ कोणीच आधी खेळलेला नाही, डीएम (डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट आणि खेळ चालवणारा) तुम्हीच होणार, आणि ओळखीच्या एकाकडे २०१४ चं डंजन मास्टर्स गाइड पडून आहे, तर मग नवीनवर पैसे घालावेत का.

घ्या, पण आज नको. आधी फुकटात खेळून बघा, मग घ्या. का ते सांगतो, जरा लांबेल.

मी सांगलीत आमच्या ग्रुपचा डीएम आहे, विश्रामबागला एकाच्या गच्चीवर बसतो आम्ही, जुनं आणि नवीन दोन्ही पुस्तकं टेबलावर वापरलीत. डीएमचं पुस्तक कसं आहे हे वाचून कळत नाही. चित्रं दोन्हीकडे मस्त आहेत, कागद चांगला आहे, त्यात काय. बघायचं एवढंच की खेळ चालू असताना कोणी म्हणालं "मी पहारेकऱ्याला खोटं सांगून आत घुसतो", तर पुढच्या मिनिटाला तुम्ही काय करायचं हे पुस्तक सांगतं का नाही. जुन्या गाइडची सुरुवातच देव, विश्वं, जग कसं रचायचं यापासून होते आणि प्रत्यक्ष खेळ चालवायचा कसा हे आठव्या प्रकरणात येतं, म्हणजे दोनशेवर पानं उलटल्यावर! नवशिक्या माणूस तिथपर्यंत पोचतच नाही हो. नवीनमध्ये हेच दुसरं प्रकरण आहे. डाय (फासा) कधी टाकायला लावायचा, कधी नुसतं "हो, झालं" म्हणून पुढे जायचं, सोपं काम असेल तर गाठायचा आकडा १०, मध्यम १५, अवघड २०, असं सगळं सुरुवातीलाच आणि सरळ भाषेत. आणि पहिल्याच प्रकरणात ग्रुपने आधी एकदा बसून काय आवडतं, कोणाला कुठला विषय टेबलावर अजिबात नकोय हे बोलून घ्यायचं आणि ते एका कागदावर लिहून ठेवायचं. हे तुम्ही नक्की करा. मित्रच आहेत, काय विचारायचं, असं वाटतं पण मित्रांतच ते राहून जातं.

आता ॲडव्हेंचर (खेळायची गोष्ट) लिहायचं प्रकरण. मला पुस्तकातलं हे सगळ्यात जास्त आवडलं म्हणून इथे थोडा थांबतो. त्यात चार पायऱ्या दिल्यात, गोष्टीचा पाया काय, खेळाडूंना त्यात ओढायचं कसं, मध्ये कुठले प्रसंग, आणि शेवट. ऐकायला साधं वाटतं. मी ते आपल्या हरिपूरवर लावून बघितलं. तुम्हाला माहीत असेल, कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर आहे, तिथे हळद साठवायची जमिनीखालची पेवं आहेत. वर छोटं तोंड, आत खोल आणि रुंद, आणि पेव उघडल्या उघडल्या कोणी आत उतरत नाही कारण आतली हवा कोंडलेली असते, माणूस गुदमरू शकतो. आता याच्यापेक्षा चांगलं डंजन (भुयारासारखी धोक्याची जागा) कुठे मिळणार? पाया असा, की महापुरानंतर एका व्यापाऱ्याच्या पेवातून रात्री आवाज येतात. ओढायचं असं, की त्याचा हमाल आत उतरलाय तो वर आलाच नाही आणि तो हमाल एका कॅरेक्टरचा मामा आहे. प्रसंग तीन, तोंडाशी जमलेली माणसं जी कोणाला उतरू देईनात, मग आतली हवा, मग दोन पेवांच्या मधली भिंत कोणीतरी खणून केलेली वाट. शेवट मी दोन लिहून ठेवले, मामाला घेऊन गुपचूप वर यायचं किंवा वाटेच्या पलीकडे जायचं. एका संध्याकाळी लिहून झालं आणि रविवारी खेळलो. जुन्या गाइडमध्ये पण याबद्दल भरपूर लिहिलंय, टेबलं तर ढीगभर आहेत, पण कशाच्या नंतर काय करायचं हे असं हाताला धरून सांगितलेलं नाही.

फक्त एक लक्षात ठेवा, गुदमरण्याचा नियम या पुस्तकात शोधू नका, तो प्लेयर्स हँडबुकच्या (खेळाडूंच्या नियमपुस्तकाच्या) मागच्या नियमकोशात आहे. श्वास संपला की दर टर्नच्या (पाळीच्या) शेवटी एक एक्झॉशन (थकव्याची) लेव्हल आणि सहाव्या लेव्हलला माणूस मेला. प्रत्येकाची टर्न दर सहा सेकंदांनी येते, म्हणजे तो मामा किती वेळ टिकेल ते बघा. आमच्या पोरांनी हे ऐकल्यावर दोर बांधल्याशिवाय कोणी उतरेना.

आता जिथे हे पुस्तक तुम्हाला अडचणीत आणेल तो भाग. मारामारी किती अवघड ठेवायची याचं गणित नवीनमध्ये एकदम सोपं केलंय. प्रत्येक कॅरेक्टरमागे एक्सपीचं (शत्रू हरवल्याच्या गुणांचं) बजेट, पहिल्या लेव्हलला लो म्हणजे ५०, मॉडरेट ७५, हाय १००. चौघांचे हायचे झाले ४००. गॉब्लिन (एक छोटा राक्षस) ५० चा. म्हणजे चौघांसमोर आठ गॉब्लिन! जुन्या गाइडमध्ये शत्रू जास्त असले की बेरजेला गुणायचं, चार गॉब्लिन म्हणजे २०० पण दुपटीने ४००, म्हणजे चार गॉब्लिनलाच जुनं पुस्तक 'डेडली' (जीवघेणं) म्हणत होतं. ते गुणाकाराचं किचकट होतं हे मान्य, पण ते काढून टाकल्यामुळे पहिल्या लेव्हलचे खेळाडू उघडे पडतात. पहिल्या लेव्हलच्या विझर्डचे (जादूगाराचे) हिट पॉइंट (किती मार सोसेल तो आकडा) साधारण आठ, गॉब्लिनचा एक वार सरासरी पाचचा, दोन वारात तो आडवा, आणि समोर आठ जण. पुस्तकात सावधानतेचा इशारा आहे तो असा की माणशी दोनपेक्षा जास्त शत्रू असतील तर लगेच मरणारे घ्या, विशेषतः पहिल्या-दुसऱ्या लेव्हलला. पण आठ गॉब्लिन म्हणजे माणशी बरोब्बर दोन, इशाऱ्यात बसतच नाहीत. मला हे खरंच खटकतं, कारण हे पुस्तक नवशिक्यांसाठीच इतकं कष्टाने लिहिलंय आणि पहिल्याच लढाईत त्यांचा सगळा ग्रुप जाऊ शकतो, आणि ज्यांची पहिली कॅरेक्टर अशी जातात ती पोरं परत येत नाहीत. तुम्ही पहिल्या दोन लेव्हलला मॉडरेटच्या वर जाऊच नका आणि शत्रू खेळाडूंच्या संख्येइतकेच ठेवा, तिसऱ्यापासून मोकळे सुटा.

दुसरी उणीव, स्वतःचा राक्षस शून्यातून बनवायची पद्धत काढून टाकलीय. आहे त्या राक्षसाचं नाव-रूप, थोडं इकडचं तिकडचं बदला, एवढंच. मला वेताळ करायचा होता, म्हसोबा करायचा होता, त्यासाठी परत जुनंच काढावं लागलं, त्याच्या नवव्या प्रकरणात सगळं टेबल आहे, किती हिट पॉइंट, किती डॅमेज, त्यावरून चॅलेंज रेटिंग (राक्षस किती भारी ते).

बाकी बरंच आहे त्यात. ३८४ पानांतली शंभरावर नुसती खजिना आणि जादूच्या वस्तूंची. ग्रेहॉक नावाचं तयार जग आहे, खेळ बनवणाऱ्यांपैकी गॅरी गायगॅक्सचं, खेळ १९७४ ला आला त्या काळापासूनचं, सोबत दोन्ही बाजूंनी छापलेला मोठा नकाशा, आणि मुद्दाम बऱ्याच जागा मोकळ्या सोडल्यात डीएमने भराव्यात म्हणून. पाच छोटी ॲडव्हेंचरं आहेत. पाचव्या लेव्हलपासून खेळाडूंना स्वतःचा वाडा किंवा गढी मिळते ते बॅस्टियनचे नियम, आमच्या ग्रुपला लई आवडले, पण तुम्हाला तिथे पोचायला काही महिने जातील, त्यासाठी आत्ता घेऊ नका.

पैशाचं म्हणाल तर एप्रिल २०२५ ला सिस्टम रेफरन्स डॉक्युमेंट ५.२ आलं, म्हणजे खेळाचे मूळ नियम, पीडीएफ, फुकट, अधिकृत. त्यात कॅरेक्टर बनवायचे नियम, राक्षस, जादूच्या वस्तू, वर सांगितलेलं एक्सपीचं बजेट, सगळं आहे, आणि क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन्सवर आहे म्हणजे श्रेय देऊन कोणी त्याचं मराठी पण करू शकतं (कोणीतरी कराच, मी मदतीला आहे). त्या पीडीएफमध्ये जे नाही ते हेच, खेळ कसा चालवायचा आणि गोष्ट कशी रचायची हे समजावणारी प्रकरणं. त्यामुळे आधी पीडीएफवर एक-दोनदा खेळा, चौघं परत यायला तयार आहेत का बघा, असतील तर आधी सगळ्यांत मिळून एक प्लेयर्स हँडबुक आणि मग हे गाइड. वर्गणी काढा, डीएमनेच सगळा खर्च करायचा असं काही नसतं.

आणि ओळखीच्याकडचं जुनं पुस्तक तो देत असेल तर घेऊन ठेवा, रद्दीत जाऊ देऊ नका. राक्षस बनवायला ते लागणारच आहे, आणि साताऱ्यातल्या चार भिंती स्मारकावर नाहीतर अजिंक्यतारा किल्ल्यावर काही रचायचं झालं तर तिथलं भूत तुम्हाला कुठल्याच तयार यादीत सापडणार नाही.